एकांच्या माळा कुठे तुटतात?



मुंबईहून कसाऱ्याला जाणारी लोकल ठाणे, डोंबिवली, कल्याण मागे टाकून आमच्या शहाडला येते आणि पुढे टिटवाळा, आसनगाव करीत घाटाच्या पायथ्याशी थांबते. लांब पल्ल्याच्या गाड्या शहाडला न थांबता तशाच पुढे जातात, घाट चढतात आणि इगतपुरीनंतर देवळालीस पोहोचतात. या एका लोहमार्गाशी एका मराठी शाळामास्तरांचे आयुष्य बांधले गेले आहे. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हे त्यांचे नाव. जन्म १९०५ साली डहाणूस, शालेय शिक्षण ठाण्यास, पुढे पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय, आणि मग १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत देवळालीस शिक्षकाची नोकरी. १९२७ साली रँग्लर परांजप्यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक त्यांना मिळाले होते, पण एम. एस्सी., पीएच. डी. अशा पदव्या त्यांच्याजवळ नव्हत्या.

त्यांचा ६१७४ हा अंक तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकला असेल. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यायची, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लिहून मोठीतून लहान वजा करायची, आणि येणाऱ्या उत्तरावर तीच क्रिया करीत राहायचे. (मध्येच तीन अंकी उत्तर आले तर आधी शून्य लिहून चार अंक पुरे करावेत.) सात पायऱ्यांच्या आत ६१७४ ही संख्या हजर होते आणि मग हलत नाही. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'मधील आपल्या सदरात कापरेकरांवर लिहिले आणि देवळालीच्या मास्तरांचे नाव जगभर गेले.

आज मात्र ६१७४ बाजूला ठेवू. मला सांगायचे आहे ते त्यांच्या दुसऱ्या एका संख्याकुळाविषयी. त्याचे नाव 'डेमलो संख्या'. हे नाव कोणा गणितज्ञाचे नाही. ते एका रेल्वे स्थानकाचे आहे! त्या काळच्या जी. आय. पी. रेल्वेवर, मुंबईपासून तीस मैलांवर असलेल्या डेमलो नावाच्या स्थानकावर कापरेकरांना या संख्यांची कल्पना सुचली आणि म्हणून त्यांनी हे नाव दिले, असे सांगितले जाते. तेच डेमलो म्हणजे आजची डोंबिवली. डोंबिवलीच्या फलाटावर आज उभे राहायला जागा मिळाली तरी पुष्कळ; संख्या सुचायला त्या काळी तिथे निवांतपणा असावा.

डेमलो संख्या अशा असतात : १६५, २५५३, ४७७७३. पहिला आणि शेवटचा अंक मिळवा; मधला अंक तयार होतो. १ + ५ = ६, २ + ३ = ५, ४ + ३ = ७. आता या संख्या कशा बनल्या ते पाहा. १६५ = ११ × १५. २५५३ = १११ × २३. ४७७७३ = ११११ × ४३. प्रत्येकीच्या पोटात नुसत्या एकांनी बनलेली एक संख्या दडलेली आहे. आणि या कुळातील सर्वांत देखण्या संख्या, ज्यांना कापरेकरांनी १९३८ मध्ये 'द मॅथेमॅटिक्स स्टुडंट' या नियतकालिकात 'वंडरफुल' असे विशेषण लावले, त्या तर दोन्ही बाजूंनी एकांच्याच आहेत :

११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१

याप्रमाणे नऊ एकांपर्यंत चढत जा. १२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या मिळते. असे का होते हे कळण्यासाठी गुणाकार शाळेतल्या पद्धतीने मांडावा. ११११ च्या चार ओळी, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उजवीकडच्या उभ्या रकान्यात एक १, त्याच्या शेजारी दोन, मग तीन, चार, आणि पुन्हा तीन, दोन, एक. बस्स. दहा एक घेतले की मधल्या रकान्यात १० येतात, हातचा सुटतो आणि आकृती बिघडते : १२३४५६७९००९८७६५४३२१.

या नुसत्या एकांच्या संख्यांना इंग्रजीत 'रेप्युनिट' म्हणतात. या लेखापुरते आपण त्यांना 'एकांच्या माळा' म्हणू. १११११ ही पाच मण्यांची माळ. डेमलो संख्या कशाच्या बनल्या आहेत हे समजून घ्यायचे तर प्रश्न एकच उरतो : ही माळ कशाची बनली आहे? तिचे तुकडे पडतात का, आणि पडले तर कुठे?

कवायतीचे मैदान

तुकडे पडणे म्हणजे काय ते आधी ठरवू. शाळेत कवायतीच्या तासाला ३६ मुले असली तर सर त्यांना अनेक प्रकारे उभे करू शकतात. ४ रांगांत ९, ३ रांगांत १२, ६ रांगांत ६. एक मुलगा उशिरा आला आणि संख्या ३७ झाली की सगळेच अडते. एकच लांबलचक रांग करा, नाही तर कोणाला तरी झेंड्याजवळ उभे करा! ३७ ला १ आणि ३७ यांशिवाय कोणत्याही संख्येने निःशेष भाग जात नाही. अशी संख्या ती मूळ संख्या. ३६ ही संयुक्त संख्या.

३७ मूळ आहे हे ठरवायला सगळे भाजक तपासावे लागत नाहीत. भाजक जोडीने येतात. एक मोठा असला तर त्याचा जोडीदार लहान असलाच पाहिजे, आणि लहान जोडीदार संख्येच्या वर्गमूळापलीकडे जाऊ शकत नाही. म्हणून ३७ साठी २, ३, ५ एवढे पुरतात. ७ × ७ म्हणजे ४९, ते ३७ च्या पलीकडे गेले. लोकलच्या डब्यावर एखादी चार अंकी संख्या रंगवलेली दिसली तर ती मूळ आहे की नाही हे ठरवायला १०० च्या आतील २५ मूळ संख्यांनी भागून पाहिले की काम झाले. कल्याण ते ठाणे या प्रवासात सरावलेल्या मुलाला हे तोंडी जमावे.

संयुक्त संख्येचे तुकडे करीत गेले की शेवटी मूळ संख्याच हाती राहतात, आणि त्या नेहमी त्याच असतात. ६१७४ चेच घ्या. कोणी २ पासून सुरुवात करील, कोणी ७ पासून, कोणी आधी ६३ × ९८ असे मोठे तुकडे करील; पण अखेरीस प्रत्येकाच्या वहीत २ × ३ × ३ × ७ × ७ × ७ हेच उरेल. क्रम वेगळा, माल तोच. १ ला मूळ संख्या का म्हणत नाहीत, असे दरवर्षी कोणीतरी विचारते. म्हटले असते, तर ६१७४ च्या या यादीत हवे तितके १ घालता आले असते आणि 'नेहमी तीच यादी' हे म्हणणे उरले नसते. एवढ्यासाठी १ ला बाहेर ठेवले आहे.

पुष्कळ पुस्तकांत मूळ संख्यांना 'गणितातील अणू' म्हटलेले असते. मी भौतिकशास्त्र शिकवतो, म्हणून ही उपमा मला आवडायला हवी. पण ती मला अर्धवट वाटते. आमची मूलद्रव्ये आजच्या घटकेला ११८ आहेत आणि ती भिंतीवरच्या एका तक्त्यावर मावतात. मूळ संख्यांचा तक्ता कोणत्याच भिंतीवर मावणार नाही. हे खात्रीने का म्हणता येते, ते आपल्या माळाच सांगतील.

माळा तोडू या

११ ही मूळ आहे. १११ च्या अंकांची बेरीज ३, म्हणून ३ ने भाग जातो : ३ × ३७. (कवायतीची ३७ मुले इथेही आलीच.) ११११ मध्ये ११ आणि ११ असे दोन जोड दिसतात : ११ × १०१. १११११ थोडी छळते. २, ३, ५, ७, ११ असे एकेक मूळ संख्येने भागत गेलात तर तेराव्या भागाकाराला, म्हणजे ४१ ला, ती तुटते. नऊपर्यंतचा हिशेब असा :

११ = मूळ
१११ = ३ × ३७
११११ = ११ × १०१
१११११ = ४१ × २७१
१११११११ च्या आधीची, सहा मण्यांची १११११११ नव्हे तर ११११११ = ३ × ७ × ११ × १३ × ३७
१११११११ = २३९ × ४६४९
११११११११ = ११ × ७३ × १०१ × १३७
१११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७

पुस्तक मिटून ही यादी एकदा स्वतः पडताळा. सहा मण्यांची माळ सर्वांत सहज तुटते, कारण ६ = २ × ३. तिच्यात दोन-दोन मण्यांचे तीन गट पडतात, ११ × १०१०१. आणि तीन-तीन मण्यांचे दोन गट पडतात, १११ × १००१. म्हणजे माळेची लांबी संयुक्त असली तर माळही संयुक्त असणारच. माळ मूळ असायची असेल तर मण्यांची संख्या मूळ असलीच पाहिजे. पण एवढ्याने भागत नाही. ३, ५, ७ मूळ आहेत, तरी त्या लांबीच्या माळा तुटल्याच.

आता यादीकडे पुन्हा पाहा. २, ३, ५, ७ या लांबींच्या माळांत आलेले मूळ अवयव असे : ११, मग ३ आणि ३७, मग ४१ आणि २७१, मग २३९ आणि ४६४९. एकही दुसऱ्यांदा आलेला नाही. हा योगायोग आहे काय?

समजा, एखाद्या मूळ संख्येने सात मण्यांच्या आणि पाच मण्यांच्या माळेला, दोन्हींना भाग जातो. सात मण्यांच्या माळेतून सुरुवातीचे पाच मणी कापून टाका : ११११११११ अशी लांब माळ न घेता १११११११ वजा १११११००, बाकी ११. दोन्ही संख्यांना भाग जात असेल तर बाकीलाही गेला पाहिजे. म्हणजे दोन मण्यांच्या माळेलाही भाग जातो. आता पाचातून दोन कापा, तीन उरले. तीनातून दोन कापा, एक उरला. म्हणजे त्या मूळ संख्येने १ ला भाग जायला हवा! हे अशक्य. तेव्हा समाईक अवयव नाही. माळा कापण्याची ही क्रिया म्हणजे लांबींचा मसावि काढण्याचीच क्रिया आहे. लांबींचा मसावि १ असला तर माळांचाही मसावि १.

यातून एक मोठी गोष्ट निघते. कोणी म्हणाले, 'जगात मूळ संख्या फक्त १०० आहेत,' तर त्याला म्हणावे, ठीक आहे. त्याच १०० संख्या लांबी म्हणून घेऊन १०० माळा करू. प्रत्येक माळेला निदान एक मूळ अवयव आहे. कोणत्याही दोन माळांत समाईक अवयव नाही. म्हणजे १०० वेगवेगळ्या मूळ संख्या मिळाल्या. शिवाय प्रत्येक माळेचा शेवटचा अंक १, म्हणून २ किंवा ५ यांनी कोणतीच माळ तुटत नाही; त्या दोन निराळ्या. झाल्या १०२. शंभर म्हणणारा खोटा पडला. तो शंभराऐवजी हजार म्हणाला, कोटी म्हणाला, तरी प्रत्येक वेळी दोन जास्तच निघतील. म्हणून मूळ संख्या अनंत आहेत. युक्लिडने सुमारे २३०० वर्षांपूर्वी हे वेगळ्या मार्गाने सिद्ध केले. त्याची सिद्धता तुम्हांला पुस्तकात मिळेल. ती याहूनही छोटी आहे.

बाक्यांची प्रदक्षिणा

सात मण्यांची माळ २३९ ने तुटते हे शोधायला किती भागाकार लागतील? २ पासून एकेक मूळ संख्या घेत गेलात तर २३९ ही बावन्नावी. पण हेच काम आठ भागाकारांत होते. कसे ते पाहण्यासाठी थोडी वाट वाकडी करून अपूर्णांकांकडे जाऊ.

१ ला १३ ने भागा. उत्तर ०·०७६९२३०७६९२३... असे फिरत राहते. आपल्याला उत्तराशी कर्तव्य नाही, बाक्यांशी आहे. भागाकार करताना त्या या क्रमाने येतात : १, १०, ९, १२, ३, ४, आणि पुन्हा १. सहा पावलांची प्रदक्षिणा झाली. १३ ने भागताना शून्याशिवाय एकूण बारा बाक्या शक्य आहेत; सहा इथे आल्या. उरलेल्या सहांचे काय? २ ला १३ ने भागा. बाक्या : २, ७, ५, ११, ६, ८, पुन्हा २. नेमक्या उरलेल्या सहा! आणि ही प्रदक्षिणाही सहाच पावलांची आहे. असणारच; कारण ती पहिलीची दुप्पट आहे. १ ची दुप्पट २, १० ची दुप्पट २० म्हणजे १३ जाऊन ७, ९ ची दुप्पट १८ म्हणजे ५, आणि असेच पुढे.

म्हणजे बारा बाक्या सारख्या लांबीच्या प्रदक्षिणांत वाटल्या जातात. कोणतीही बाकी दोन प्रदक्षिणांत येत नाही, एकही मागे राहत नाही. म्हणून प्रदक्षिणेच्या लांबीने बाराला निःशेष भाग गेलाच पाहिजे. १३ च्या जागी २, ५ सोडून दुसरी कोणतीही मूळ संख्या घ्या, हेच होते. ७ ची प्रदक्षिणा सहा पावलांची, ४१ ची पाच (४० मध्ये आठ प्रदक्षिणा), ३७ ची तीन (३६ मध्ये बारा). वहीत करून पाहा.

याचा माळेशी संबंध असा. सहा पावलांनंतर बाकी १ आली, म्हणजे १० चा सहावा घात १३ ने भागल्यास १ उरतो. तो १ काढून टाकला की ९९९९९९ उरतात आणि त्यांना १३ ने भाग जातो. ९९९९९९ म्हणजे ९ × ११११११. तेव्हा सहा मण्यांच्या माळेला १३ ने भाग जातो. यादीत पाहा, जातो! म्हणजे एखाद्या मूळ संख्येने तुटणारी सर्वांत छोटी माळ ही तिच्या प्रदक्षिणेइतकी लांब असते. (३ चा तेवढा अपवाद, ३ ने ९ लाच भाग जातो म्हणून तिचा हिशेब वेगळा.)

आता सात मण्यांची माळ एखाद्या मूळ संख्येने तुटत असेल, तर त्या संख्येने तुटणारी सर्वांत छोटी माळ कितीची? मघाच्या कापाकापीने पाहिले तर तिच्या लांबीने ७ ला भाग गेला पाहिजे. ७ मूळ आहे, आणि एका मण्याची माळ तर तुटत नाही. म्हणून ती लांबी ७ च. म्हणजे त्या मूळ संख्येतून १ वजा केला तर उरलेल्या संख्येला ७ ने भाग जातो. आणि ती संख्या विषम, म्हणून २ नेही जातो. थोडक्यात, ती मूळ संख्या १४ च्या पटीहून १ ने अधिक असली पाहिजे. बाकीच्यांना हात लावायचे कारणच नाही.

१४ च्या पटीत १ मिळवून येणाऱ्या मूळ संख्या : २९, ४३, ७१, ११३, १२७, १९७, २११, २३९. आठव्या भागाकाराला माळ तुटली. आणि दुसरा तुकडा ४६४९? त्याच्याही अवयवांना हाच नियम लागू आहे. ४६४९ चे वर्गमूळ ६८ च्या आसपास, म्हणजे २९ आणि ४३ यांनीच तपासायचे. दोघांनीही भाग जात नाही. ४६४९ मूळ आहे, हे दोन भागाकारांत सिद्ध झाले! एका चार अंकी संख्येला एरवी १९ भागाकार लागले असते.

या नियमाचा गाभा फ्रान्सच्या पिअर द फर्मा यांनी १६४० साली एका पत्रात लिहिला. आपल्या भाषेत तो असा : २, ३, ५ सोडून कोणतीही मूळ संख्या घ्या, तिच्यापेक्षा एक मणी कमी असलेल्या माळेला तिने भाग जातोच. ७ ने सहा मण्यांच्या, ११ ने दहा मण्यांच्या, १०१ ने शंभर मण्यांच्या.

मग हीच मूळ संख्या ओळखण्याची कसोटी का मानू नये? संख्या घ्यायची, एक मणी कमी असलेली माळ घ्यायची, भाग गेला की संख्या मूळ. इथे सावध राहावे लागते. ९१ पाहा. वर्गात विचारले तर निम्मे विद्यार्थी तिला मूळ म्हणतात, पण ती ७ × १३ आहे. ७ आणि १३ या दोघींचीही प्रदक्षिणा सहा पावलांची. ९० ला ६ ने भाग जातो. म्हणून नव्वद मण्यांच्या माळेला ७ ने जातो, १३ नेही जातो, आणि म्हणून ९१ नेही जातो. ९१ कसोटीत उतरली, आणि मूळ नाही. ती तोतया आहे. आमच्या प्रयोगशाळेत लंबकाचा आवर्तकाल दहा वेळा मोजून तोच आला की आम्ही समाधानी होतो. इथे तसे समाधान चालत नाही.

मूळ माळांचा शोध

११ नंतरची मूळ माळ कोणती? अकरा मण्यांची तुटते : २१६४९ × ५१३२३९. तेरा आणि सतरा मण्यांच्याही तुटतात. एकोणीस मण्यांची मात्र तुटत नाही. १११११११११११११११११११ ही मूळ आहे, हे ऑस्कर हॉप्पे यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सिद्ध केले. हिचे वर्गमूळ शंभर कोटींच्या पुढे जाते. त्या काळी संगणक नव्हता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या कामाचे मोल कळते. तेवीस मण्यांचीही मूळ आहे, हे १९२९ मध्ये सिद्ध झाले.

२, १९, २३ नंतर पुढे अशा माळा भराभर सापडतील असे वाटते ना? २९ पासून ३१३ पर्यंत ५६ मूळ संख्या आहेत, आणि त्या लांबीच्या सर्वच्या सर्व ५६ माळा तुटतात. पुढची मूळ माळ एकदम ३१७ मण्यांची. ती ह्यू विल्यम्स यांना १९७० च्या दशकात सापडली. त्यानंतरची १०३१ मण्यांची. ती मूळ असल्याचे विल्यम्स आणि हार्वे डबनर यांनी १९८६ मध्ये सिद्ध केले. त्याच वर्षी कापरेकर देवळालीस वारले. त्यापुढची ४९,०८१ मण्यांची. ती मूळ असावी असे १९९९ पासून वाटत होते, पण सिद्ध व्हायला २०२२ साल उजाडावे लागले. ८६,४५३ मण्यांची २०२३ मध्ये सिद्ध झाली.

२०२१ मध्ये ८१,७७,२०७ मण्यांची एक माळ सापडली आहे. फर्माच्या नियमासारख्या कसोट्यांत ती उतरते, म्हणून ती 'बहुधा मूळ' समजली जाते. ९१ ची गोष्ट वाचल्यानंतर हा 'बहुधा' शब्द तिथे का आहे, हे तुम्हांला सांगायला नको. आणि अशा मूळ माळा अनंत आहेत की कुठेतरी संपतात, हे आजही कोणाला सिद्ध करता आलेले नाही.

डेमलो संख्यांवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो खोटा नाही. ही सगळी जादू दहाच्या पद्धतीने लिहिण्यामुळे आहे, असा तो आक्षेप. माणसाला बारा बोटे असती तर माळा वेगळ्या झाल्या असत्या. कित्येक गणितज्ञ म्हणूनच कापरेकरांचे काम 'करमणूक' या खात्यात टाकत. मला यात थोडा अन्याय दिसतो. दहाऐवजी दोनची पद्धत घेऊन पाहा, संगणक वापरतो ती. त्या पद्धतीत ११ म्हणजे ३, १११ म्हणजे ७, १११११ म्हणजे ३१, आणि सात मण्यांची माळ म्हणजे १२७. चारही मूळ! अकरा मण्यांची माळ म्हणजे २०४७. ती तुटते, २३ × ८९. हे दोन्ही तुकडे २२ च्या पटीहून १ ने अधिक आहेत. आपण सात मण्यांच्या माळेसाठी काढलेला नियम इथेही तसाच चालला, कारण त्या युक्तिवादात दहाचे असे खास काहीच नव्हते.

दोनच्या पद्धतीतील या मूळ माळांना सतराव्या शतकातील फ्रेंच धर्मगुरू मॅरें मर्सेन यांच्या नावाने 'मर्सेन मूळ संख्या' म्हणतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरांट यांना सापडलेली मूळ संख्या याच जातीची आहे. २ चा १३,६२,७९,८४१ वा घात घेऊन त्यातून १ वजा केला की ती मिळते. दोनच्या पद्धतीत लिहिली तर ती १३,६२,७९,८४१ मण्यांची निव्वळ एकांची माळ. आपल्या नेहमीच्या पद्धतीत तिचे ४,१०,२४,३२० अंक होतात. ती जाहीर झाली तेव्हा माणसाला ठाऊक असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या तीच होती.

आता कागद-पेन्सिल घ्या. तेरा मण्यांची माळ तोडायची आहे. तिचा प्रत्येक मूळ अवयव २६ च्या पटीहून १ ने अधिक असणार. पहिला उमेदवार २७, तो मूळ नाही, त्याला सोडा. पुढचे दोन उमेदवार तुम्ही काढा आणि दोघांनीही भागून पाहा. दोन भागाकारांनंतर नऊ अंकी एक तुकडा उरेल. तोही तुटतो का, हे ठरवायला संगणक चालेल. अकरा आणि सतरा मण्यांच्या माळा मात्र पेन्सिलीने तोडायला जाऊ नका. सतरा मण्यांच्या माळेचा लहान तुकडाच २०,७१,७२३ आहे.